मंडपाबाहेरचा माणूस

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही दिवसांपूर्वी हिंगणघाट तालुक्यातील एका गावी सभा आटोपल्यावर, सतरंज्या गोळा करता करता, एका तरुण कार्यकर्त्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचे वडील गिरणी-कामगार होते. तो स्वतः पदवीधर असून कंत्राटदाराकडे कामाला आहे. महिन्यातले पंधरा दिवस काम असते, पंधरा दिवस नसते. तो म्हणाला, "भाऊ, बाहेरून आलेल्या मजुरांविषयी तुम्ही बोलू लागलात आणि तेवढा वेळ सभेतल्या टाळ्या थांबल्या. त्यांची बाजू तुम्ही घेणार. मग आमची बाजू कोण घेणार?"

प्रश्नात द्वेष नव्हता, उद्धटपणाही नव्हता. आपल्या पोटाचा प्रश्न त्याने आपल्याच पक्षाच्या माणसापुढे मांडला होता. त्या रात्री मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, याची जाणीव मला तेव्हाच झाली. आजचे हे भाषण म्हणजे त्याच उत्तराची पूर्तता करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मला आधी अधिवेशनांविषयी आणि टाळ्यांविषयी थोडे बोलावे लागेल.

एखाद्या पक्षाचे अधिवेशन भरले की दुसऱ्या दिवशी चावडीवर, एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होते. गर्दी किती होती, गाड्या किती आल्या, कोणाच्या भाषणाला माणसे उठून उभी राहिली, हे विचारले जाते. ठराव काय झाला, हे क्वचितच कोणी विचारतो. लोकांचा यात दोष नाही. ठरावांचे पुढे काय होते, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. परंतु कार्यकर्त्याने तरी वेगळा प्रश्न विचारावयास हवा. मंडपात जो माणूस हजर नाही, ज्याला इथे मत नाही, ज्याच्या बाजूने बोलल्यास एकही टाळी पडणार नाही, त्याच्याविषयी पक्ष काय बोलला? माझ्या मते पक्षाची खरी परीक्षा येथे होते. आणि असा माणूस बहुतेक वेळा परमुलखातून पोटासाठी आलेला मजूर असतो.

परक्यांच्या अधिवेशनातील फलक

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन मिलवॉकी शहरात भरले होते. बाहेरून आलेल्यांना सामुदायिकरीत्या देशाबाहेर घालवा, अशा अर्थाचे छापील फलक तेथे प्रतिनिधींच्या हाती देण्यात आले आणि ते उंचावून त्यांनी आनंद व्यक्त केला. त्याची चित्रे जगभर गेली. पुढे त्या पक्षाने निवडणूक जिंकली. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातील पुरुषांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळदंड घालून त्यांना एवढा प्रवास घडविण्यात आला होता. बहुतेकजण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते. तिघे आपल्या महाराष्ट्राचे होते. मंडपातला फलक आणि पायातली साखळी यांच्यामध्ये अवघे सात महिने गेले.

त्या बातमीने आपल्याकडे संताप झाला, आणि तो रास्तच होता. शेत विकून, कर्ज काढून, दलालाला पैसे चारून गेलेली ती पोरे होती. त्यांनी कायदा मोडला असेल; पण ती चोर-दरोडेखोर नव्हती, असेच आपण सारे म्हणालो. आता त्याच वर्षाच्या मे-जून महिन्यांत काय घडले ते आठवा. मुंबईच्या परिसरात मजुरी करणाऱ्या, पश्चिम बंगालमधून आलेल्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून सरहद्दीपलीकडे ढकलून देण्यात आले. ते भारताचे नागरिक आहेत, असे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांचा गुन्हा एवढाच की ते गरीब होते, मुसलमान होते आणि बंगाली बोलत होते. या बातमीवर आपल्या गावांतून किती संताप झाला? अमृतसरच्या विमानाने ज्यांचे रक्त तापले, त्यांच्यापैकी कितीजण या वेळी गप्प राहिले? मी इतरांविषयी बोलत नाही. आपण किती सभा घेतल्या, हे आपणच आपल्याला विचारावे.

आपल्याच घरातील हिशेब

हा दोष केवळ उजव्या पक्षांचा असता तर आपले काम सोपे झाले असते. तसे नाही. समाजवादी चळवळीलाही या मोहाने एकाहून अधिक वेळा ग्रासले आहे.

ज्या मिलवॉकीत ते फलक उंचावले गेले, ते शहर एके काळी अमेरिकेतील समाजवाद्यांचा बालेकिल्ला होते. १९१० साली तेथे समाजवादी महापौर निवडून आला, आणि त्यानंतर १९६० पर्यंतच्या काळात तीन समाजवादी महापौरांनी मिळून सुमारे अडतीस वर्षे त्या शहराचा कारभार पाहिला. पाणी, गटारे, बागा आणि सार्वजनिक आरोग्य यांत त्यांनी केलेल्या कामाची वाखाणणी विरोधकांनीही केली. हे समाजवादी कोण होते? मुख्यतः जर्मनीतून आलेले कामगार व त्यांची मुले. १९१० सालीच तेथून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले पहिले समाजवादी व्हिक्टर बर्जर यांचा जन्म ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात झाला होता. म्हणजे तेही बाहेरून आलेलेच. तथापि त्याच वर्षी शिकागो येथे समाजवादी पक्षाची परिषद भरली, तेव्हा चिनी, जपानी, कोरियन आणि हिंदी मजुरांना देशात येऊ देऊ नये अशी शिफारस पक्षाच्या समितीने केली आणि बर्जर त्या बाजूने उभे राहिले. कामगार संघटनांना दुखवून मते कशी मिळणार, ही त्यामागची चिंता होती. ती शिफारस जशीच्या तशी मंजूर झाली नाही. एक तडजोडीचा ठराव झाला. यूजिन डेब्ज यांनी मात्र त्या शिफारशीचा तीव्र शब्दांत निषेध केला. जगातील पीडितांना वगळून जो पक्ष उभा राहील, तो समाजवादी राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्याआधी तीन वर्षे, ऑगस्ट १९०७ मध्ये, जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. तिच्यापुढेही हाच विषय होता. अमेरिकेच्या काही प्रतिनिधींना मागासलेल्या वंशांच्या मजुरांवर बंदी हवी होती. परिषदेने वंशावरून किंवा राष्ट्रावरून बंदी घालण्याची कल्पना फेटाळली. मजूर आयात करून संप मोडणाऱ्या मालकांविरुद्ध लढा, आलेल्या मजुरांना संघटनेत घ्या आणि त्यांना समान वेतन मिळवून द्या, असा मार्ग तिने सांगितला. आणि याच परिषदेत, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज फडकविला, हे आपण शाळेत शिकलो. ज्या सभागृहात काही समाजवादी बंधू आशियाई मजुराला दार बंद करू पाहत होते, त्याच सभागृहात एका आशियाई स्त्रीने आपल्या देशाचे निशाण उभारले, ही गोष्ट मात्र शाळेत कोणी सांगितली नाही.

आता मुंबईकडे येऊ. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर तिचा पहिला दसरा मेळावा भरला. त्या गर्दीने सगळेच पक्ष चकित झाले. तेव्हाचा रोख दक्षिणेकडून आलेल्यांवर होता. कचेऱ्यांतील कारकून, लघुलेखक आणि उडुपी हॉटेलवाले हे मराठी माणसाचे शत्रू म्हणून दाखविले गेले. मराठी तरुणाची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य करू या. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्याने लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, त्याला राज्य मिळाले, मुंबई मिळाली, नोकरी मात्र मिळाली नाही. ही वेदना खरी होती. चूक होती ती वेदनेला दाखविलेल्या दिशेत.

त्याच मुंबईत १९६७ च्या निवडणुकीत आणखी एक घटना घडली. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील यांचा पराभव जॉर्ज फर्नांडिस यांनी केला. पाटील मराठी, फर्नांडिस मंगळूरहून आलेले. गोदी, महानगरपालिका, टॅक्सी यांतील कामगारांच्या लढ्यांतून फर्नांडिस वर आले होते, आणि मराठी कामगारांनीही त्यांना आपले मानले. कृष्ण मेनन यांना मात्र त्याच निवडणुकीत परका म्हणून विरोध झाला आणि ते हरले. एकाच शहरात, एकाच वेळी, बाहेरच्या माणसाविषयी लोकांच्या दोन प्रतिक्रिया उमटल्या. जेथे एकत्र लढण्याचा अनुभव होता, तेथे जन्मगाव कोणी विचारले नाही. हा धडा आपल्या हाताशी होता.

तो आपण गमावला. १९६८ च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी समझोता केला. तो आपल्याच परंपरेतील पक्ष. त्याचा वारसा आपण सांगतो, तर त्याच्या चुकांचा वारसाही आपणच घेतला पाहिजे. युक्तिवाद असा होता की मराठी कनिष्ठ मध्यमवर्ग तिकडे जात आहे. आपण त्याच्यापासून तुटून चालणार नाही. परिणाम काय झाला? शिवसेनेच्या ४२ जागा निवडून आल्या. प्रजा समाजवादी पक्ष १९७१ मध्ये दुसऱ्या समाजवादी पक्षात विलीन झाला आणि मुंबईतील आपला पाया पुन्हा तसा बसला नाही. ज्याची भाषा आपण उसनी घेतो, माणसे शेवटी त्याच्याकडेच जातात. नकलेसाठी मूळ सोडून कोणी येत नाही.

आणि मराठी कामगाराच्या पदरात काय पडले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिवत मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. कोकणातून व घाटावरून आलेल्या त्या कामगाराची नोकरी कोणी घेतली? उडुपी हॉटेलवाल्याने घेतली नाही, बिहारच्या टॅक्सीवाल्यानेही घेतली नाही. ती ज्यांनी घेतली त्यांच्या नावाने दसऱ्याच्या मेळाव्यात कधी आरोळी उठली नाही. १९ ऑक्टोबर २००८ रोजी रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. त्या मारहाणीतून एकाही मराठी मुलाला नोकरी लागली नाही. आपल्याकडे पुलगावची कापड गिरणी बंद पडली, तीदेखील कोणा परप्रांतीय मजुरामुळे नव्हे. माझ्या तरुण मित्राने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

वर्ध्याचा वारसा

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे, आणि विशेष जबाबदारीही आहे.

जुलै १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली आणि १४ जुलैला इंग्रजांनी हिंदुस्थानातून निघून जावे, अशी मागणी करणारा ठराव येथे झाला. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म मक्केत झाला होता. आजच्या भाषेत कागदपत्रे तपासावयाची म्हटली, तर सर्वांत आधी अध्यक्षांचीच तपासावी लागली असती. त्या ठरावाला लोकांनी दिलेली प्रतिक्रिया टाळ्यांच्या रूपाने आली नाही. ८ ऑगस्टला मुंबईत शिक्कामोर्तब झाले आणि १६ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातील आष्टीच्या ठाण्यासमोर माणसांनी प्राण दिले. बैठकीच्या सभागृहात त्यांच्यापैकी कोणी नव्हते. ठराव सभागृहात संपत नाही, तो बाहेरच्या माणसांच्या हातून पुरा होतो. ठराव चांगला असेल तर आष्टी घडते. वाईट असेल तर हॉटेले फुटतात आणि परीक्षेला आलेली पोरे रक्तबंबाळ होतात.

सेवाग्रामची वस्ती आठवा. गांधीजी काठेवाडचे, ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावात आले, जे पुढे सेवाग्राम झाले. जमनालालजी राजस्थानातून दत्तक आलेले. विनोबा कोकणातल्या गागोद्याचे. नई तालीमचे आर्यनायकम् सिलोनचे, कुमारप्पा तामिळनाडूचे, मीराबेन इंग्लंडच्या. १९४७ च्या जूनमध्ये ज्यांनी सेवाग्रामात देह ठेवला, ते धर्मानंद कोसंबी गोव्याचे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी पोर्तुगीज मुलखातले.

परंतु ही यादी देऊन थांबणे फसवे ठरेल. थोरांना कोणीही आपले म्हणते. प्रश्न भूगावच्या पोलाद कारखान्यात किंवा जिनिंगमध्ये घाम गाळणाऱ्या निनावी मजुराचा आहे. म्हणून गांधीजींच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. त्या वेळी ते महात्मा नव्हते. एक परका, नकोसा वकील होते.

१८ डिसेंबर १८९६ रोजी 'कुरलँड' आणि 'नादरी' ही दोन जहाजे डर्बनच्या बंदरात आली. त्यांवर सुमारे आठशे हिंदी उतारू होते. गांधीजी, कस्तुरबा आणि मुले त्यांत होती. गांधी नाताळमध्ये हिंदी लोकांचा लोंढा आणून ओतत आहे, अशी आवई गोऱ्यांत उठली होती. सभा झाल्या, संघटना निघाल्या, ठराव झाले. प्लेगचे निमित्त करून जहाजे तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून ठेवण्यात आली. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले, तेव्हा जमावाने त्यांना दगड, अंडी आणि लाथाबुक्क्यांनी मारले. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नीने छत्री उघडून मध्ये उभे राहून त्यांचा जीव वाचविला. नंतर लंडनहून वसाहतमंत्र्यांनी हल्लेखोरांवर खटले भरा असे कळविले, तेव्हा गांधीजींनी फिर्याद देण्याचे नाकारले. जमावातल्या माणसांना खोटे सांगण्यात आले होते. दोष सांगणाऱ्यांचा आहे, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी नाताळच्या कायदेमंडळाने येणाऱ्यांवर युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येण्याची अट घातली. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण कोणाला अडवावयाचे ते सर्वांना ठाऊक होते.

पुढे ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणीचे दाखले बाळगावेत, असा कायदा झाला. त्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर हिंदी लोकांनी आपले दाखले जाळले. तारीख पाहा: तीही १६ ऑगस्टच, आष्टीची. सत्याग्रह या शस्त्राचा जन्म परदेशात राहणाऱ्या परक्या माणसाच्या अपमानातून झाला. सेवाग्रामला फुले वाहून येणाऱ्या प्रत्येक पक्षाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दोन प्रश्नांची गल्लत

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो मुद्दाम पुसला जात आहे. परप्रांतातून येणारा मजूर भारताचा नागरिक आहे. देशात कोठेही राहण्याचा व काम करण्याचा हक्क त्याला संविधानाच्या १९ व्या कलमाने दिला आहे. ती महाराष्ट्राची मेहेरबानी नव्हे. परदेशातून विनापरवाना येणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक राष्ट्राला आपल्या सरहद्दीविषयी नियम करावे लागतात, हे आपण नाकारीत नाही. आसामी माणसाला आपली जमीन आणि भाषा यांविषयी वाटणारी भीती आपण कधी खोटी म्हटलेली नाही. १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार त्या भीतीतूनच झाला.

परंतु नियम राबविले कसे जातात? ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची अंतिम नागरिक-नोंदवही प्रसिद्ध झाली, तेव्हा एकोणीस लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. पुराने वाहून गेलेली कागदपत्रे, नावांच्या स्पेलिंगमधील चुका, लग्नानंतर गाव बदललेल्या बाया, यांचा त्यात भरणा होता. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो त्याच्यावरच ठेवला. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. त्यांत शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांना आसरा देताना मुसलमानांना वगळण्यात आले. आश्रय देण्याला आपला विरोध नाही. धर्म पाहून आश्रय देण्याला आहे. आणि जीवित व स्वातंत्र्याचे रक्षण करणारे संविधानाचे २१ वे कलम केवळ नागरिकाविषयी बोलत नाही, 'व्यक्ती'विषयी बोलते. चौकशीवाचून कोणालाही रात्रीच्या अंधारात सरहद्दीपार ढकलता येत नाही, मग तो कोठलाही असो.

या दोन प्रश्नांची गल्लत झाली की बंगाली बोलणारा भारतीय मजूर दोन्हीकडून भरडला जातो. उद्या ही गल्लत हिंदी बोलणाऱ्याच्या वाट्याला येईल, परवा पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेलेल्या आपल्या वर्ध्याच्या पोरांच्या. कापसाने आणि कर्जाने २००६ च्या पंतप्रधान-पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत आपल्याला नेऊन बसविले, तेव्हापासून आपल्या खेड्यांतून बाहेर गेलेल्यांची मोजणी तुम्हीच घराघरांतून करा. आपणही कोणाच्या तरी गावी बाहेरचेच आहोत.

मग आमची बाजू कोण घेणार?

आता त्या तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

कंत्राटदार लांबून मजूर का आणतो? इथला मजूर आळशी आहे म्हणून नव्हे, आणि बाहेरचा अधिक कुशल आहे म्हणूनही नव्हे. बाहेरच्या मजुराचे इथे रेशन नाही, नातेवाईक नाहीत, मत नाही. त्याने उचल घेतलेली असते. राहावयाची खोली कंत्राटदाराचीच असते, म्हणून कामावरून काढल्यास तो रात्रीतून रस्त्यावर येतो. तो बारा तास राबतो आणि संघटनेत येण्यास भितो. कंत्राटदाराला त्याचा प्रांत नको असतो, त्याची असहायता हवी असते. आणि ही असहायता जितकी वाढेल, तितकी इथल्या तरुणाची मजुरी खाली येईल. 'परप्रांतीयांना हाकला' अशी आरोळी उठली की तो मजूर अधिकच घाबरतो, अधिकच स्वस्त होतो. म्हणजे त्या आरोळीचा नफाही कंत्राटदाराच्याच खिशात जातो.

संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला होता. त्यात कंत्राटदाराला परवाना, कामगाराची नोंद, स्थानिकाइतकेच वेतन, प्रवासखर्च आणि महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता होता. तो धड कधी राबविला गेला नाही. २०२० साली नव्या श्रमसंहितेत तो विरघळविण्यात आला आणि विस्थापन भत्ता गळून पडला. त्याच वर्षी टाळेबंदीत ही माणसे पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर यंत्र कोसळून वीसजण मेले. तोच मार्ग आपल्या सेलू-आर्वीच्या शिवारातून गेला आहे. आपण त्यावरून गाड्या नेतो. तो कोणी बांधला हे विचारीत नाही.

समान कामाला समान वेतन आणि प्रत्येक मजुराची नोंद, ही मागणी बाहेरच्याची जितकी आहे तितकीच इथल्याची आहे. ज्या दिवशी दोघांना एकच मजुरी द्यावी लागेल, त्या दिवशी लांबून माणूस आणण्यात कंत्राटदाराला काही लाभ उरणार नाही. स्थानिकांना प्राधान्य देणारे शासन-निर्णय महाराष्ट्रात जुनेच आहेत; कंत्राटी पद्धतीने त्यांना वाटा पाडून दिल्या आहेत. तेव्हा लढा कंत्राटी पद्धतीशी आहे. श्टुटगार्टने १९०७ साली सांगितलेला मार्ग आजही तोच आहे, आणि तो माझ्या तरुण मित्राच्या बाजूचा आहे.

म्हणून तीन कामे सुचवितो. पहिले, देवळी आणि हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहतींत, जिनिंगमध्ये, वीटभट्ट्यांवर जाऊन बाहेरून आलेल्या मजुरांची यादी आपण स्वतः करावी आणि त्यांना मिळणारी मजुरी इथल्या मजुरांच्या मजुरीशेजारी लिहावी. ते दोन आकडे शेजारी शेजारी आले की भाषणाची गरज कमी होईल. दुसरे, संघटनेच्या सभेत दोघांना एका सतरंजीवर बसवावे. भाषेची अडचण येईल. आपल्याला येते तेवढ्या हिंदीवर भागेल. तिसरे, कोणाला पोलिसांनी 'परदेशी' म्हणून उचलले, तर त्याच रात्री ठाण्यावर जावे, नोंद मागावी, वकील द्यावा. तो परदेशी आहे की नाही हे न्यायालय ठरवील. त्याला बाजू मांडता आली पाहिजे, एवढे आपण पाहावे.

हे करताना टाळ्या मिळणार नाहीत. काही गावांत माणसे उठून जातील. लोकांवर रागावू नका. त्यांना देशद्रोही-देशभक्त अशी विशेषणे लावणारे पुष्कळ आहेत. आपण त्यांना संकुचित, प्रतिगामी अशी विशेषणे लावू नयेत. डर्बनच्या जमावाविषयी गांधीजींनी जी भूमिका घेतली, ती ध्यानात ठेवावी. लोकांना खोटे सांगण्यात आले आहे. खरे सांगण्याचे काम आपले आहे, आणि ते आपण पुरेसे केलेले नाही.

त्या तरुणाचा प्रश्न, 'आमची बाजू कोण घेणार?' मी त्याला सांगेन: बाबा, तुझी बाजू घेण्यासाठीच मी त्या दुसऱ्याची बाजू घेतली. तो एकटा राहिला की तू स्वस्त होतोस. उद्या कारखान्याच्या दारापाशी मी तुझ्याबरोबर येतो. तू फक्त आपल्याशेजारी त्याला उभे राहू दे. पुढच्या सभेत टाळ्या थांबल्या, तरी तुम्ही सारे हेच बोलाल, एवढीच आज अपेक्षा.